निकोडेमस, कॅन्सस : एवढ्याशा गावात दोन-दोन साप्ताहिकं कोणाच्या जिवावर चालायची?

माळरान
मंडळी, कॅन्ससला राहायला आल्यापासून मला इथल्या जुन्या वर्तमानपत्रांचं वेड लागलंय. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने ती स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. सध्या वाचतेय 'वेस्टर्न सायक्लोन', निकोडेमस गावाचं साप्ताहिक.

ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : १८७७ मध्ये केंटकी राज्यातून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी कॅन्ससच्या वायव्येला ग्रॅहम काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) हे गाव वसवलं. गुलामगिरी संपून जेमतेम बारा वर्षं झाली होती. झाड नाही, लाकूड नाही, म्हणून जमिनीत खोदलेल्या घरांत राहायचे. १८७८ मध्ये आलेल्या विलियाना हिकमन या बाईंची आठवण प्रसिद्ध आहे. गाव कुठंय असं विचारल्यावर नवऱ्याने बोट दाखवलं, तर जमिनीतून नुसता धूर निघताना दिसला. त्यांना रडू कोसळलं.

तिथून दहा वर्षांत या गावात बँक, हॉटेलं, किराणा, औषधांचं दुकान, घोडे आणि बग्ग्या भाड्याने देणारे तबेले आणि दोन साप्ताहिकं! १८८६ मध्ये 'सायक्लोन' निघालं, १८८७ मध्ये 'एंटरप्राइज'. वस्ती फार तर काही शे माणसांची. यातले वर्गणी भरणारे किती? जाहिरात देणारे दुकानदार किती?

माझं मत असं झालंय की ही वर्तमानपत्रं बातम्यांवर चालतच नव्हती. ती चालायची कायदेशीर नोटिसांवर, म्हणजे जमिनीचा हक्क पक्का करण्यासारख्या कामांआधी पैसे देऊन छापाव्या लागणाऱ्या जाहीर सूचनांवर. गावाचा खरा व्यवहार कळायला अग्रलेख बाजूला ठेवून आधी नोटिसाच वाचाव्यात. तुम्हाला काय वाटतं? कायदा, छपाई, शेती यांतल्या जाणकारांनी जरूर लिहा.

---

खिळेजुळारी
छान धागा. आमच्या घरी ट्रेडल मशीनचा छापखाना होता, त्यामुळे यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

त्या काळी सरहद्दीवरचा संपादक म्हणजे एक माणूस, एक हातदाबाचा वॉशिंग्टन प्रेस आणि खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या, दोन-चार केसेस. चार पानांचा अंक एकट्याने जुळवायचा तर आठवडा पुरत नाही. म्हणून निम्मा अंक बाहेरून छापून यायचा. विस्कॉन्सिनमधल्या बॅराबू गावच्या ॲन्सेल नॅश केलॉग यांनी १८६१ मध्ये, मदतनीस अमेरिकेच्या यादवी युद्धावर गेल्यामुळे, एका बाजूने छापलेले कागद मागवायला सुरुवात केली आणि १८६५ पासून शिकागोत त्याचाच धंदा उभारला. कथा, देशाच्या बातम्या, औषधांच्या जाहिराती आधीच छापलेल्या. स्थानिक माणूस उरलेली पानं भरायचा.

आता नोटिशीकडे या. तिचा मजकूर ठरलेला असतो. नाव, अर्जाचा क्रमांक, जमिनीचा तुकडा, तारीख आणि साक्षीदार एवढं बदलायचं, बाकी सगळं बांधून ठेवलेलं. आम्ही लग्नपत्रिकेची चौकट तशीच ठेवून फक्त वधू-वर आणि मुहूर्त बदलायचो, अगदी तेच. शिवाय एकदा जुळवलेली नोटीस पुढच्या अंकांत तशीच्या तशी येते. मेहनत एकदाच, पैसे पूर्ण मुदतीचे, आणि तेही रोख. वर्गणीदार तर कणसं नाहीतर सरपण आणून द्यायचे.

तेव्हा माळरानताई, तुमच्या मताला माझा पूर्ण पाठिंबा.

---

पावशेर
वाचतेय. दोन्ही प्रतिसाद आवडले.

---

दिवाणी_दावा
त्या नोटिशीत काय असायचं ते नीट सांगतो, म्हणजे पुढची चर्चा सोपी होईल.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन मिळायची. अटी दोन : पाच वर्षं तिथेच राहायचं आणि जमीन कसायची. सरकारी फी सगळी मिळून साधारण १८ डॉलर. पाच वर्षं झाली की 'फायनल प्रूफ', म्हणजे अटी पाळल्याचा अखेरचा पुरावा द्यायचा. ३ मार्च १८७९ च्या कायद्याने त्याआधी जाहीर नोटीस सक्तीची झाली. तीस दिवस, आणि जमिनीच्या सर्वांत जवळ निघणाऱ्या वर्तमानपत्रात. कुठलं वर्तमानपत्र ते लँड ऑफिसचा, म्हणजे सरकारी जमीन कचेरीचा, रजिस्ट्रार ठरवणार. साप्ताहिकात तीस दिवस म्हणजे पाच-सहा अंक.

नोटिशीत चार साक्षीदारांची नावं. त्यातले कोणीही दोघे प्रत्यक्ष येऊन सांगणार की हो, हा माणूस इथे राहतो, घर बांधलंय, इतके एकर नांगरलेत. कोणाला हरकत असेल तर त्याने त्या दिवशी हजर राहून उलट प्रश्न विचारायचे.

शेतजमीन घेताना आपल्याकडे वकील 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' म्हणून पेपरात देतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. ज्याला बोलायचंय त्याने आत्ता बोला.

---

कोरडवाहू
दिवाणी_दावा साहेब, तुम्ही तत्त्व छान सांगितलंत, पण पैसे कोणी भरले? त्या शेतकऱ्यानेच!

जमीन फुकट म्हणायची आणि पावलोपावली कोणीतरी हात पुढे करून उभा. तुकडा दाखवणारा 'लोकेटर' फी घेणार, कागद लिहून देणारा घेणार, शपथ देणारा घेणार आणि शेवटी छापखानेवाला. पाच वर्षं गवताच्या ढेकळांच्या घरात काढलेल्या माणसाकडे रोख रक्कम कुठून येणार? डाकोटात तर केवळ या नोटिसांसाठी साप्ताहिकं निघाली. भोवतालच्या जमिनींचे पुरावे देऊन झाले की संपादक खिळे गुंडाळून पुढच्या गावाला. अशा कागदाला वर्तमानपत्र म्हणणं मला पटत नाही.

दुसरं म्हणजे, वर्तमानपत्र रजिस्ट्रार ठरवणार. रजिस्ट्रार नेमणार वॉशिंग्टनमधला सत्ताधारी पक्ष. मग काम कोणाच्या छापखान्याला जाईल ते सांगायला नको. काउंटीचंही तसंच. कर थकवणाऱ्यांची लांबलचक यादी, निवडणुकीच्या सूचना, शेरीफचे (काउंटीच्या मुख्य पोलीस अधिकाऱ्याचे) लिलाव हे सगळं 'अधिकृत' ठरलेल्या वर्तमानपत्राला मिळायचं. त्यासाठी संपादक एकमेकांच्या जिवावर उठायचे.

---

खडकफोड्या
कोरडवाहूंच्या दुसऱ्या मुद्द्याला ॲरिझोनाचं उदाहरण. टूमस्टोन गाव १८७९ मध्ये चांदीच्या खाणींवर उभं राहिलं. १८८१ मध्ये तिथे 'नगेट' आणि 'एपिटाफ' ही एकमेकांची हाडवैरी वर्तमानपत्रं होती. 'नगेट'चे संपादक हॅरी वुड्स हेच काउंटीचे अंडरशेरीफ, म्हणजे शेरीफच्या हाताखालचे अधिकारी! लिलावाची नोटीस काढणाऱ्या कचेरीत आणि ती छापणाऱ्या कचेरीत एकच माणूस. 'एपिटाफ' काढणारे जॉन क्लम त्याच वर्षी गावचे महापौर. वाचकाने कोणावर विश्वास ठेवायचा?

खाणीतल्या नोटिसा शेतीपेक्षा कडक असायच्या. १८७२ च्या खाण कायद्याने प्रत्येक दाव्यावर दरवर्षी १०० डॉलरचं काम करणं भाग होतं. चौघांची भागीदारी आहे, तिघांनी काम करून घेतलं आणि चौथा पत्ता न ठेवता निघून गेला, तर? त्याला जवळच्या वर्तमानपत्रातून आठवड्यातून एकदा, नव्वद दिवस नोटीस द्यायची. ठरलेल्या मुदतीत त्याने वाटा भरला नाही की त्याचा हिस्सा इतरांचा. हा कायदा आजही लागू आहे.

मी खाण क्षेत्रात काम करतो, त्यामुळे हे वाचताना पोटात गोळा येतो. तो चौथा माणूस दुसऱ्या राज्यात आजारी पडला असेल, त्याच्या हाती ते वर्तमानपत्र पडणार कधी? आणि समजा ती चांदीची शीर पुढच्याच वर्षी सापडली तर?

---

माळरान
खडकफोड्या, फार मोलाची माहिती. धन्यवाद!

कोरडवाहू, पैशाचा मुद्दा मान्य. पण 'सायक्लोन'मध्ये नोटिसांच्या शेजारी जे आहे तेही बघा ना. कोणाकडे पाहुणे आले, कोणी दुकानात नवा माल भरला, चर्चमध्ये काय झालं. ही जागा नोटिसांच्या पैशाने मिळाली. त्या पैशाशिवाय या गावाचा एक शब्दही आपल्यापर्यंत आला नसता.

---

गायरान
शेतीवाल्यांनो, भटक्या जनावरांच्या नोटिसा कशा विसरलात? मला सगळ्यांत जास्त गोडी त्यांचीच.

कॅन्ससमध्ये १८६६ चा कायदा होता. तुमच्या आवारात कोणाची तरी गाय शिरली, तर ती लगेच तुमची होत नाही. आधी तालुक्यात तीन जागी लेखी सूचना लावायची : रंग, वय, शिंगं, कानाचा काप, डागणी, सगळं वर्णन. दहा दिवसांत कोणी आलं नाही तर जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे स्थानिक न्यायाधिकारी, त्याच्यापुढे शपथ. त्यात जनावराचं वर्णन आणि किंमत सांगायची. किंमत दहा डॉलरच्या वर गेली की काउंटी क्लार्कने ते वर्णन 'कॅन्सस फार्मर' या शेतीविषयक पत्राकडे धाडायचं, दर जनावरामागे पन्नास सेंट जोडून. म्हणजे राज्यातल्या कुठल्याही काउंटीत हरवलेलं जनावर एकाच पत्रात शोधता यायचं. वर्षभरात मालक आला नाही तर जनावर सांभाळणाऱ्याचं.

आणखी एक बारकावा. न माणसाळलेलं जनावर फक्त १ नोव्हेंबर ते १ एप्रिल या काळातच धरता यायचं, तुमच्या कायदेशीर कुंपणात शिरलं असेल तर गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात गुरं मोकळी चरणारच, हे कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. गुरं राखलेल्या माणसाने लिहिलेला कायदा वाटतो मला तो.

---

पावशेर
आमच्या गावच्या कोंडवाड्यात तर मालक आपणहून यायचा. म्हैस रात्रभर इतकी हंबरायची की वेगळ्या नोटिशीची गरजच पडली नाही. :)

---

सत्यशोधकी
मला कोरडवाहूंना उत्तर द्यायचंय, जरा विस्ताराने.

तुम्ही नोटिशीचा खर्च बघितलात. ती कोणाच्या नावाची होती तेही बघा. निकोडेमसचे लोक केंटकीतून आले. त्या राज्यात कृष्णवर्णीय माणसाची साक्ष गोऱ्याविरुद्ध न्यायालयात चालत नसे, युद्ध संपल्यावरही कित्येक वर्षं. हा अडसर १८७२ मध्ये निघाला. पाचच वर्षांनी तीच माणसं कॅन्ससमध्ये येतात आणि आणखी काही वर्षांनी छापलेल्या कागदावर नाव येतं : अमुक याने १६० एकरांवर हक्क सांगितला आहे आणि त्याचे साक्षीदार हे चौघे. ते चौघेही बहुधा शेजारीच, त्याच्यासारखेच गुलामीत जन्मलेले. त्यांच्या शब्दावर अमेरिकेचं सरकार मालकीचा कागद देणार. आईबापांना जिथे मालमत्ता म्हणून यादीत घातलं जायचं, तिथे मुलं मालमत्तेचे मालक म्हणून आणि साक्षीदार म्हणून छापली जातायत. ती नोटीस मी पैशात मोजू शकत नाही.

आपल्याकडून याचा एक धागा आहेच. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली, त्यांना. आपले देशबांधवही तो कित्ता गिरवतील अशी आशा त्यांनी तिथे मांडली. त्यानंतर चार वर्षांनी निकोडेमस वसलं. पुण्यात बसून जोतीराव ज्या माणसांच्या सुटकेबद्दल लिहीत होते, ती माणसं सुटकेनंतर कशी जगली, कशाचा व्यापार केला, कुठल्या कचेरीत कुठला अर्ज दिला, हे तुमच्या या वर्तमानपत्रात आहे. माळरानताई, तुम्ही यावर मोठा लेख लिहायला हवा.

---

माळरान
सत्यशोधकी, तुमचा प्रतिसाद वाचून काही वेळ पुढे काही वाचवेना. साक्षीचा मुद्दा मी असा जोडून पाहिलाच नव्हता.

तुमच्या म्हणण्याला पुष्टी म्हणून एडवर्ड मॅककेब यांचं नाव सांगते. ते १८७८ मध्ये निकोडेमसला आले आणि जमिनीचे कागद करून देण्याचं काम करू लागले. पुढे ग्रॅहम काउंटीचे क्लार्क झाले आणि १८८२ मध्ये कॅन्सस राज्याचे ऑडिटर म्हणून निवडून आले. अर्ज-नोटिसांच्या कामातून माणूस राज्याच्या तिजोरीचा हिशेब तपासण्यापर्यंत पोचला.

---

पाऊलवाट
सगळं वाचलं. एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

'ज्याला बोलायचंय त्याने आत्ता बोला' असं वर कोणी म्हटलंय. पण ज्यांचा त्या माळावर सर्वांत जुना हक्क, त्यांना कुठल्या नोटिशीने विचारलं? शायान आणि अरापाहो या आदिवासी लोकांना १८६७ च्या मेडिसिन लॉज तहाने दक्षिणेला हलवलं. ज्यांच्यावरून कॅन्सस हे नाव पडलं त्या कॉ लोकांना १८७३ मध्ये राज्याबाहेर काढलं. त्यानंतरच या जमिनी चौकोन आखून वाटायला मोकळ्या झाल्या. डाकोटात ॲबर्डीन गावी एल. फ्रँक बॉम, पुढे मुलांसाठी लिहून नावाजलेले लेखक, १८९० मध्ये साप्ताहिक चालवत होते. वुंडेड नी इथे अमेरिकी लष्कराने आदिवासींचं हत्याकांड केलं, त्याच्या आगेमागे त्यांनी आदिवासींचा समूळ नाश करावा असं दोनदा छापलं. त्यांच्या भागात जमिनीच्या नोटिसा छापण्यावर छापखाने जगत होते.

निकोडेमसचं कौतुक मलाही आहे. तिथल्या कुटुंबांत एक आठवण सांगतात की पहिल्या हिवाळ्यात खायला नव्हतं, तेव्हा शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी त्यांना अन्न दिलं. वर्तमानपत्र नऊ वर्षांनी निघालं, तेव्हा याची नोंद कुठल्या रकान्यात येणार?

---

दिवाणी_दावा
पाऊलवाट, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. नोटीस ही ज्याला कायद्याने हक्कदार मानलंय त्यालाच विचारते. ज्याला आधीच यादीतून काढून टाकलं, त्याच्यासाठी ती मुकीच. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे पहिल्या तासाला शिकवायला हवं.

---

शब्दसखी
थोडं अवांतर. मला अस्वस्थ करणारी एक नोटीस त्या काळच्या वर्तमानपत्रांत सर्रास दिसते : 'माझी बायको विनाकारण घर सोडून गेली आहे, तिला कोणी उधार देऊ नये, तिचं देणं मी फेडणार नाही.' खाली नवऱ्याचं नाव.

बाई कुठे गेली, का गेली, कोणी विचारत नाही. दुकानदाराच्या वहीत खातं नवऱ्याच्या नावाचं, म्हणून नोटीस दुकानदारासाठी. सगळा किराणा उधारीवर आणि हिशेब पीक आल्यावर, अशा गावात त्या दोन ओळींनी तिला पिठाचं पोतंही मिळेनासं होत असेल. होमस्टेडचा अर्ज विधवा किंवा अविवाहित बाई करू शकायची, नवऱ्याबरोबर राहणारी नाही. हेही लक्षात घ्या.

---

कोरडवाहू
शब्दसखी, +१. या नोटिशीवर स्वतंत्र धागा निघायला हवा.

सत्यशोधकी, तुमच्या मुद्द्यापुढे मी खर्चाचं तुणतुणं वाजवत नाही. पण पैसा कुठे गेला हे शोधायलाच हवं, हे माझं मत कायम आहे. निकोडेमसचं पुढे काय झालं? ते गाव आज तर अगदी छोटं आहे म्हणतात.

---

स्टेशनमास्तर
याचं उत्तर माझ्या खात्यात येतं, रेल्वेच्या!

१८८७ मध्ये निकोडेमसच्या लोकांनी मतदान करून मिसुरी पॅसिफिक रेल्वेला सुमारे १६,००० डॉलरचे रोखे द्यायचं ठरवलं. अट एकच, लोहमार्ग गावातून न्यायचा. धाग्याचा विषय इथे फार जवळून येतो, कारण अशा मतदानाची सूचनाही कायदेशीर नोटीस म्हणूनच छापावी लागते. ज्या छापखान्याने शेतकऱ्यांचे पुरावे छापले, तिथेच गावाने कर्ज काढून आपलं नशीब आजमावायचं की नाही हा प्रश्न आला. जमिनीचे भाव चढले, नवी दुकानं आली. दुसरं साप्ताहिक त्याच वर्षी का निघालं हे यावरून कळतं.

मिसुरी पॅसिफिक आलीच नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकने मार्ग टाकला तो सॉलोमन नदीच्या पलीकडून, काही मैल दूर. तिथल्या छावणीतून बोग गाव उभं राहिलं. निकोडेमसच्या व्यापाऱ्यांनी दुकानं हलवली, काहींनी तर अख्ख्या इमारती उचलून नेल्या. 'सायक्लोन' त्याच वर्षी बंद पडलं.

दुकानदाराला दोष देणं मला जमत नाही. माल स्टेशनवर उतरणार असेल तर त्याने काय करावं? पण शेतकरी हलला नाही, त्याची जमीन तिथेच होती. म्हणूनच गाव संपलं नाही. १९९६ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं.

---

खिळेजुळारी
स्टेशनमास्तर, यातूनच मूळ प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं. पुराव्याच्या नोटिसा कायमच्या मिळत नाहीत, एका जमिनीची एकदाच. त्या संपत आल्या की छापखान्याला दुकानांच्या जाहिराती लागतात. निकोडेमसमध्ये दुकानंच उठून गेली, तेव्हा छापखाना टिकणं अवघडच होतं. माळरानताई, १८८८ च्या अंकांत जाहिरातींचे रकाने किती आणि नोटिसांचे किती, हे मोजून बघता येईल का?

---

माळरान
नक्की मोजते. आणि माझं मत जरा बदलून मांडते : नोटिसांनी वर्तमानपत्राला जन्म दिला, पण जगवायला रेल्वे लागणार होती.

दिवाणी_दावा, एक विचारायचं होतं. नोटिशीत 'सेक्शन' आणि 'टाउनशिप'चे आकडे असतात. त्यावरून ते चार साक्षीदार खरोखर शेजारी होते का, हे ताडून पाहता येईल?

---

दिवाणी_दावा
येईल, आणि सोपं आहे. सरकारी मोजणीत टाउनशिप म्हणजे सहा मैल लांब, सहा मैल रुंद चौकोन. त्याचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. होमस्टेड म्हणजे सेक्शनचा चौथा हिस्सा, १६० एकर. अमेरिकेच्या भूमी व्यवस्थापन खात्याच्या संकेतस्थळावर जुन्या मालकीपत्रांचा शोध घेता येतो, नावानेही आणि टाउनशिपच्या आकड्यानेही.

आधी नोटिशीतल्या माणसाचा तुकडा शोधा. मग चारही साक्षीदारांची नावं त्याच काउंटीत टाका. ज्यांना मालकीपत्र मिळालं त्यांचे तुकडे सापडतील. मग ३६ घरांचा चौकोन कागदावर आखून एकेक नाव भरत जा. एकाच आडनावाची माणसं अनेक असतात, तेव्हा तुकड्याचा आकडा जुळल्याशिवाय नाव भरू नका. साक्षीदाराचं नाव सापडलं नाही तर त्याने जमीन सोडली, विकली किंवा अर्ज दुसऱ्या कायद्याखाली केला असेल. त्याची नोटीस त्याच वर्तमानपत्रात पुढे-मागे शोधा.

---

सत्यशोधकी
नकाशा झाला की इथे टाका. नावं भरायला मी मदत करतो, शनिवार-रविवार मोकळा आहे.

---

गायरान
मीही. आणि भटक्या जनावरांच्या नोटिसा दिसल्या तर त्या माझ्याकडे द्या.